विमानात बोला, कचेरीत गप्प राहा!

(पक्षाच्या कामगार अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२०२५ च्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर जे दृश्य दिसले ते अनेकांच्या स्मरणात असेल. ३ ते ५ डिसेंबर या अवघ्या तीन दिवसांत इंडिगो या एकाच कंपनीची २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणांना विलंब झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी ठिकठिकाणी अडकून पडले. देशांतर्गत विमानप्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी जिच्या विमानांतून जात होते ती कंपनी पाहता पाहता पंगू झाली. त्या दिवसांत कोणी संप पुकारला नव्हता, कोणी टाळेबंदी जाहीर केली नव्हती. घडले होते ते इतकेच, की वैमानिकांना आठवड्यातून सलग ३६ ऐवजी ४८ तासांची विश्रांती द्यावी, मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतचा काळ रात्र मानावा आणि या काळात वैमानिकाला सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवायला लावावे, असे नियम १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अमलात आले होते. त्या नियमांत बसेल असे वेळापत्रक आणि त्या वेळापत्रकाला पुरतील इतके वैमानिक यांची जुळणी कंपनीने केलेली नव्हती.

हे नियम काही एका रात्रीत आलेले नव्हते. जानेवारी २०२४ मध्येच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते प्रसिद्ध केले होते. जवळजवळ दोन वर्षे हाताशी होती. या काळात वैमानिकांच्या संघटना नियम लवकर लागू व्हावेत म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात उभ्या होत्या आणि कंपन्या ते पुढे ढकलले जावेत म्हणून मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होत्या. अखेर गोंधळ झाला तेव्हा पहिला उपाय कोणता योजला गेला? रात्रपाळीच्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली. म्हणजे चूक कंपनीच्या नियोजनाची आणि तिची किंमत मोजायची वैमानिकाच्या झोपेने! पुढे जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड केला आणि माणसे व विमाने यांचा जास्तीत जास्त वापर करून घेण्याच्या हव्यासावर बोट ठेवले. परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला. वैमानिकांच्या संघटना जे उच्च न्यायालयापर्यंत जाऊन सांगत होत्या, ते कंपनीच्या संचालक मंडळाला ऐकू का आले नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विमानाच्या आत, कॉकपिटमध्ये डोकावून पाहिले पाहिजे. कारण बोलणे आणि ऐकणे यांची जी किंमत कॉकपिटने मोजली आहे, तेवढी दुसऱ्या कोणत्याही कामाच्या जागेने क्वचितच मोजली असेल.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांवर, टेनेरिफच्या विमानतळावर, धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. धावपट्टी मोकळी झाल्याची खात्री नसताना डच कंपनीच्या कप्तानाने विमान पळवायला सुरुवात केली होती. दुसरे विमान अद्याप धावपट्टीवरच नाही ना, अशी शंका त्याच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कप्तान हा त्या कंपनीचा नामवंत प्रशिक्षक होता. त्याने शंका झटकून टाकली आणि कनिष्ठ गप्प बसला. या अपघाताला आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे कामगार कार्यकर्त्याने विशेष लक्ष दिले पाहिजे. हॉलंडमध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम नुकतेच कडक झाले होते आणि मर्यादा ओलांडल्यास खुद्द कप्तानावर कारवाई होण्याचा धोका होता. तासांचे घड्याळ त्याच्या डोक्यावर टिकटिकत होते. नियम चांगला असला, तरी त्याचा बोजा वेळापत्रक ठरवणाऱ्या कंपनीवर न टाकता एकट्या वैमानिकाच्या डोक्यावर ठेवला, तर विश्रांतीसाठी केलेला नियमच घाईचे कारण होतो, हा त्यातला धडा आहे.

अशा अपघातांतून जगभरच्या विमान वाहतुकीने एक गोष्ट शिकली. १९७९ मध्ये अमेरिकेत नासा या संस्थेने भरवलेल्या परिषदेपासून एका नव्या प्रशिक्षणाचा पाया घातला गेला. ते आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट या नावाने सर्वत्र सक्तीने दिले जाते. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल : कनिष्ठाने न भिता बोलले पाहिजे आणि वरिष्ठाने ते ऐकले पाहिजे. त्याआधीच, १९७६ मध्ये, नासाकडे एक व्यवस्था सोपवण्यात आली होती. वैमानिकाने आपली किंवा इतरांची चूक, थकवा, धोका, जे काही असेल ते लिहून कळवावे, ते पत्र त्याच्या मालकाकडे किंवा परवाना देणाऱ्या खात्याकडे न जाता तिसऱ्याच, त्रयस्थ संस्थेकडे जावे आणि लिहिणाऱ्याचे नाव त्यातून काढून टाकले जावे, अशी ती योजना होती. बोलणाऱ्याला संरक्षण आणि ऐकणारा स्वतंत्र, या दोन अटी पुऱ्या झाल्यावाचून खरी माहिती वर पोचत नाही, हे भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात पन्नास वर्षांपूर्वी मान्य झाले.

आपल्या देशातही याची शिकवण रक्ताने लिहिली गेली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या पठारावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानातील १६६ पैकी १५८ माणसे दगावली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाला आढळले, की प्रवासाचा मोठा भाग कप्तान झोपेत होता आणि जाग आल्यावरही तो पुरता सावध नव्हता. विमान फार उंचावरून येत आहे हे ओळखून सहवैमानिकाने, उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर चला, असे तीनदा सांगितले. कप्तानाने ऐकले नाही. मग सहवैमानिकाने स्वतः विमान हाती का घेतले नाही? चौकशी अहवालाने त्याचे संभाव्य कारण दिले आहे : तसे करण्याचा अधिकार सहवैमानिकाला आहे की नाही, याबद्दल कंपनीच्या निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती. सहवैमानिक बोलला, पण त्याच्या बोलण्यामागे अधिकाराचे निःसंदिग्ध बळ नव्हते.

अधिकार नसलेल्या माणसाचे बोलणे ही केवळ विनंती असते आणि विनंती नाकारता येते, हेच या प्रकरणाचे मर्म आहे. कॉकपिटमधील संवादाचा प्रश्न गोड बोलण्याने किंवा सौजन्याने सुटला नाही. तो सुटला असेल तेथे नियमाने, म्हणजे कनिष्ठाच्या हाती दिलेल्या अधिकाराने सुटला. पण ज्या कंपन्या कॉकपिटमध्ये हा धडा मन लावून शिकवतात, त्याच कंपन्या कचेरीत त्याच्या नेमके उलट वागतात. तीस हजार फुटांवर सहवैमानिक बोलला नाही तर तो दोषी, आणि जमिनीवर वैमानिकांची संघटना बोलली तर ती दोषी! विमानात बोला, कचेरीत गप्प राहा, हाच या धंद्याचा अलिखित नियम होऊन बसला आहे.

व्यवस्थापनांना संवादाचे वावडे आहे असे मात्र नाही. उलट संवाद या शब्दाचा जप सर्वाधिक तेथेच चालतो. परिपत्रके निघतात, मोबाइलवर संदेश येतात, मुख्य अधिकारी सर्वांना उद्देशून भाषण करतात, आणि आमचे दार सर्वांसाठी उघडे आहे, असे आश्वासन दिले जाते. पण त्या उघड्या दारातून आत शिरायचे ते एकेकट्याने. एकटा वैमानिक आत जातो तेव्हा त्याची बढती, त्याची बदली, मोठ्या विमानाचे प्रशिक्षण, रोस्टर म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, हे सारे समोर बसलेल्या माणसाच्या हाती असते. थकलो आहे, आज विमान नेणार नाही, असे म्हणण्याचा हक्क नियमाने त्याला दिलेला आहे. पण महिन्यातून दोनदा तो हक्क बजावणाऱ्याचे नाव कोठे नोंदले जाते, हे प्रत्येक वैमानिक जाणून असतो. वस्तुतः हा संवाद नव्हे. एका बाजूने हुकूम आणि दुसऱ्या बाजूने अर्ज, असा तो पत्रव्यवहार आहे.

२००९ चे जेट एअरवेजचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीने आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २००८ मध्ये, सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवले होते आणि चहूकडून ओरड होताच दोन दिवसांत परत बोलावले होते. नोकरी किती क्षणभंगुर आहे हे वैमानिकांनी डोळ्यांनी पाहिले आणि २००९ मध्ये त्यांनी आपली संघटना स्थापन केली. त्यावर व्यवस्थापनाचे उत्तर काय होते? संघटनेच्या दोन पदाधिकाऱ्यांची बडतर्फी! वैमानिकांनी संपाची नोटीस दिली. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली. तेव्हा ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिक एकाएकी आजारी पडले आणि पाच दिवस कंपनीची विमाने जमिनीवर राहिली. अखेर बडतर्फ वैमानिकांना कामावर परत घ्यावे लागले आणि वैमानिक व व्यवस्थापन यांच्या सल्लामसलतीसाठी एक गट नेमण्याचे ठरले. मग जे टेबल शेवटच्या दिवशी मांडता आले, ते पहिल्या दिवशी का मांडता आले नाही? पाच दिवसांत झालेला प्रवाशांचा छळ कोणाच्या खात्यावर मांडायचा?

पंधरा वर्षांनंतर हाच प्रयोग पुन्हा रंगला. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्तारा कंपनीच्या वैमानिकांपुढे नवा वेतनकरार ठेवण्यात आला. त्यात हमखास पगाराचे तास ७० वरून ४० वर आणले होते आणि सही करा, असा तगादा होता. वैमानिक आजारी पडू लागले, उड्डाणे रद्द झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या हवाई कर्मचाऱ्यांनी तेच केले. व्यवस्थापनाने वीस-पंचवीस जणांना बडतर्फ केले आणि ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांच्या कचेरीत बैठक होताच ते बडतर्फीचे हुकूम मागे घेतले. कंपन्या निरनिराळ्या, मालक निरनिराळे, पण घटनाक्रम एकच. सामूहिक आजारपण हा काही आरोग्याचा प्रश्न नव्हे. ज्यांची सामूहिक वाणी काढून घेतली आहे, त्यांची ती मूक भाषा आहे. ती भाषा वाईट, असे म्हणणाऱ्याने आधी वाणी परत दिली पाहिजे.

हे केवळ भारतात घडते असेही नाही. आयर्लंडची रायनएअर ही कंपनी तीन दशके कोणतीही युनियन न मानण्याबद्दल प्रसिद्ध होती. तिच्या प्रत्येक तळावर व्यवस्थापनाच्या छत्राखालील कर्मचारी समित्या होत्या आणि वाटाघाटी त्यांच्याशीच होत. सप्टेंबर २०१७ मध्ये वैमानिकांच्या रजांचे नियोजन कोसळले आणि त्या हिवाळ्याअखेरपर्यंत मिळून सुमारे वीस हजार उड्डाणे रद्द करावी लागली. अंकित समित्या त्या वेळी काही कामाला आल्या नाहीत, कारण वैमानिकांचा त्यांच्यावर विश्वासच नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये, नाताळच्या तोंडावर संपाचे सावट असताना, या कंपनीने युनियनना मान्यता देण्याची घोषणा केली. मालकाचे हृदयपरिवर्तन झाले नव्हते. वैमानिकांचा देशोदेशी तुटवडा होता आणि ते एकजुटीने उभे राहिले होते. खरा संवाद दोन बाजूंची शक्ती काही अंशी तुल्यबळ झाल्यावरच सुरू होतो, हे यातून पुन्हा एकदा सिद्ध झाले.

आता सरकारची भूमिका पाहावी. मालक आणि कामगार यांच्यात सरकार त्रयस्थ असते, असे पाठ्यपुस्तकात सांगितले जाते. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. जुलै २००७ मध्ये नवे, अधिक विश्रांती देणारे नियम निघाले. कंपन्यांनी तक्रार केली आणि मे २००८ मध्ये ते स्थगित होऊन १९९२ ची जुनी व्यवस्था पुन्हा लागू झाली. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, पण २०११ मध्ये त्यांची निराशा झाली. पुढे जानेवारी २०२४ चे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी तक्रार केली आणि ते लांबणीवर पडले. ते अमलात आले ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर. आणि अमलात आल्यावर महिनाभरात, डिसेंबर २०२५ मध्ये, सर्वात मोठ्या कंपनीसाठी त्यांतले महत्त्वाचे कलम बाजूला ठेवले गेले. तीनदा नियम आणि तीनदा माघार! कंपन्यांचे म्हणणे मंत्रालयात पोचायला काही आठवडे लागतात. वैमानिकांचे म्हणणे पोचायला न्यायालयाची वाट धरावी लागते आणि वर्षे जातात. संवादाची तार तुटलेली नाही, ती एकाच बाजूला जोडलेली आहे.

कायद्याने वैमानिकाचे हात कसे बांधले आहेत तेही पाहण्याजोगे आहे. २०१७ च्या नियमानुसार कप्तानाला नोकरी सोडायची असेल तर एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. याला लोकहिताचे नाव दिलेले आहे. पण जेट एअरवेजने काय केले? २०१९ च्या आरंभापासून वैमानिकांचे पगार थकले. कंपनी वाचावी म्हणून त्यांच्या संघटनेने स्टेट बँकेला दीड हजार कोटी रुपये सोडण्याचे आवाहन केले. आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे त्या कंपनीचे अखेरचे उड्डाण ठरले. हजारो कर्मचारी रस्त्यावर आले. थकलेल्या देण्यांसाठी ते न्यायालयांचे उंबरठे झिजवीत राहिले आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. वैमानिकाने कंपनी सोडायची तर वर्षभर आधी सांगावे. कंपनीने वैमानिकाला सोडायचे तर एक रात्र पुरे! असा हा लोकहिताचा न्याय आहे.

त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. संपासाठी आगाऊ नोटिशीचे बंधन विमान वाहतुकीला पूर्वीही होते. आता ते सर्व उद्योगांना लागू झाले आहे. शिवाय निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तोही संप मानला जाईल. म्हणजे मूक भाषेवरही आता पहारा बसू लागला. याच संहितेत एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटींसाठी एकमेव मान्यता देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना मान्यताप्राप्त युनियन ही कल्पना १९७१ च्या राज्य कायद्यापासून परिचित आहे आणि तिचे गुणदोषही अनुभवाचे आहेत. संहितेला विरोध कायम ठेवूनही, तिच्यातील हे एक कलम मालकावर उलटवण्याची तयारी ज्या संघटना ठेवतील त्यांनाच उद्या टेबलावर जागा मिळेल.

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो पक्षाच्या कार्यकर्त्यांकडूनही येतो. महिन्याला लाखो रुपये मिळवणाऱ्या वैमानिकासाठी समाजवाद्यांनी का तळमळावे? गिरणी कामगार देशोधडीला लागला, शेतमजुराला किमान वेतन मिळत नाही, आणि येथे पांढरपेशांच्या झोपेची चिंता! आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. कोण कामगार आणि कोण नाही हे केवळ पगाराच्या आकड्यावर ठरत नाही. आपल्या श्रमाचे तास, वेग आणि पद्धत ठरवणे ज्याच्या हाती नाही, तो श्रम विकूनच जगतो. अनेक तरुण वैमानिक परवान्यासाठी आणि पुढील प्रशिक्षणासाठी लाखो रुपयांचे कर्ज डोक्यावर घेऊन नोकरीला लागतात. कर्जबाजारी माणूस नकार देताना दहा वेळा विचार करतो, मग तो शेतावर असो वा विमानात. आणि दुसरी गोष्ट अशी, की वैमानिकाचा थकवा ही त्याची खासगी बाब नाही. त्याच्या पाठीमागे दीड-दोनशे माणसे बसलेली असतात. त्याच्या विश्रांतीची मागणी ही त्या माणसांच्या जिवाची मागणी आहे.

तथापि आक्षेपातला दुसरा अर्धा भाग खरा आहे आणि तो वैमानिकांच्या संघटनांना ऐकवला पाहिजे. या संघटना पुष्कळदा युनियनपेक्षा श्रेणीच्या प्रतिष्ठेचे मंडळ म्हणून वागल्या आहेत. २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण झाले. वैमानिकांच्या संघटना मात्र दोनच राहिल्या. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. २०१२ च्या मे-जुलैमध्ये पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला, आणि त्या संपाचे मूळ कारण होते ते ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाच्या वैमानिकांना मिळू नये हे! दोन्ही वेळा संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, दोन्ही वेळा बडतर्फी झाली. एका कंपनीतले वैमानिक एकमेकांविरुद्ध उभे होते, मग विमान धुणाऱ्या, सामान चढवणाऱ्या, तिकीट तपासणाऱ्या कामगारांनी त्यांच्या मागे कशासाठी यावे?

हे एकाकीपण किती महाग पडते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला आणि अध्यक्ष रीगन यांनी अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. वैमानिकांची बलाढ्य युनियन त्यांच्या बाजूने उभी राहिली नाही, विमाने उडत राहिली. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९८३ मध्ये, कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेऊन करार झुगारले आणि पगार निम्म्यावर आणले. आता पाळी वैमानिकांची होती. त्यांनी संप केला. तो दोन वर्षे रेंगाळला आणि अखेर हरला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तेव्हा खिडकी लावून घेणाऱ्याच्या मदतीला नंतर कोण येणार?

याच्या उलट एक स्मरण समाजवादी चळवळीच्या स्वतःच्या इतिहासातले आहे. १९७३ मध्ये रेल्वेच्या इंजिन-चालकांनी कामाची पाळी दहा तासांवर आणावी म्हणून संप केला. त्यांची तक्रार आजच्या वैमानिकासारखीच होती : झोप नाही, पाळीला धरबंध नाही, आणि अपघात झाला की दोष चालकाचा. त्या वेळी सरकारला दहा तासांचे तत्त्व मान्य करावे लागले. पण त्याची अंमलबजावणी रखडली, आणि मे १९७४ च्या वीस दिवसांच्या देशव्यापी रेल्वे संपात, साथी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली, इंजिन-चालक आणि रुळांवर राबणारा गँगमन एकाच झेंड्याखाली आले. तो संप निर्दयपणे चिरडला गेला. पण इंजिनावरच्या माणसाचे तास हा रुळांवरच्या माणसाचाही प्रश्न आहे, ही जाण त्याने पेरली. ती जाण आज विमानतळांवर न्यायची आहे.

त्या दृष्टीने मागण्या स्पष्ट हव्यात. पहिली, रोस्टर आणि थकवा यांच्याशी संबंधित प्रत्येक समितीवर युनियनने निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत, मालकाने नेमलेले नव्हेत. दुसरी, थकव्याच्या नोंदी कंपनीबाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे जाव्यात, नाव गुप्त राहावे आणि त्या नोंदींचा गोषवारा जनतेला पाहता यावा. तिसरी, विश्रांतीच्या नियमांत कोणतीही सूट देण्यापूर्वी महासंचालनालयाने युनियनचे म्हणणे उघड सुनावणीत ऐकणे बंधनकारक असावे. चौथी, वैमानिकाला जितक्या मुदतीची नोटीस, तितक्याच मुदतीची हमी कंपनीने त्याच्या पगाराची द्यावी. आणि पाचवी, जिच्यावाचून उरलेल्या चार कागदावरच राहतील : कॉकपिटपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत राबणाऱ्या सर्व विमान कामगारांचा एक महासंघ.

ही पाचवी मागणी सरकारकडे करायची नाही, ती कार्यकर्त्यांनी उभी करायची आहे. १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कलिना येथे विमानतळावरील हमाली आणि तत्सम कामांच्या दोन हजारांच्या आसपास जागांसाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून हजारो तरुण लोटले आणि चेंगराचेंगरीची वेळ आली. त्या गर्दीतला तरुण आणि रात्रीची लँडिंग करून उतरणारा वैमानिक एकाच उद्योगाचे दोन टोके आहेत. एकाला काम नाही, दुसऱ्याला कामातून उसंत नाही, आणि दोघांच्याही वतीने बोलायला टेबलावर कोणी नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. पनवेल-उरण भागातील शेतकऱ्यांच्या जमिनीवर तो उभा आहे आणि त्यांची मुले तेथे कंत्राटी कामाच्या शोधात येत आहेत. पक्षाच्या शाखांनी तेथे पहिल्या दिवसापासून पाय रोवले पाहिजेत. कंत्राटी कामगाराचा अर्ज लिहून द्यावा, वैमानिकांच्या संघटनेचे पत्रक त्याला वाचून दाखवावे, आणि त्याचे गाऱ्हाणे वैमानिकांच्या सभेत नेऊन मांडावे. हे काम चिकाटीचे आहे, त्यात गाजावाजा नाही. पण ज्या दिवशी सामान चढवणाऱ्याच्या पगारासाठी वैमानिक बोलेल आणि वैमानिकाच्या झोपेसाठी सामान चढवणारा काम थांबवेल, त्या दिवशी व्यवस्थापनाला संवादाचा खरा अर्थ कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

मंगळूरच्या त्या विमानात तीनदा इशारा दिला गेला आणि तो ऐकण्याची सक्ती कोणावर नव्हती. विश्रांतीच्या नियमांबाबत वैमानिकांनी २००७ पासून किती वेळा इशारा दिला त्याची गणती नाही. तो ऐकण्याची सक्ती निर्माण करणे, यालाच युनियन म्हणतात.